पारा हलेना, गॅस तर चालूच

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की बर्फ वितळत असेपर्यंत त्याला किती का उष्णता द्या, टेम्परेचर शून्याच्या वर सरकत नाही. बास, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. काही जण चक्क रागावलेत, एकाने तर "मग एनर्जी काय हवेत जाते का????" असं लिहिलंय, त्यांचं उत्तर दुसऱ्या नंबरला आहे, तोवर दम धरा.

प्रश्न : मी दहावीत आहे. आमच्या ग्रुपने बीकरमधे बर्फ घेतला, खाली बर्नर लावला आणि दर मिनिटाला टेम्परेचर लिहिलं. पुस्तकातल्या आलेखात सपाट रेषा आहे, आमची मात्र हळूहळू चढत ४ अंशापर्यंत गेली आणि बर्फ तर अजून वर तरंगतच होता. सर म्हणाले रीडिंग चुकलंय, परत लिहा. नक्की काय चुकलं?

उत्तर : रीडिंग चुकलं नाहीये. ४ खोडून ० लिहिलं असशील तर परत ४ कर. चुकलीये ती मांडणी, आणि चूक इतकी छान आहे की मला तुमच्या ग्रुपचा हेवा वाटला.

थर्मामीटरला अख्खं बीकर कळत नाही, त्याच्या बल्बला जे पाणी चिकटलंय तेवढंच त्याला कळतं. तुमचा बल्ब बहुतेक तळाशी होता आणि कोणी ढवळत नव्हतं. आता नेहमी काय होतं, पाणी तापलं की हलकं होऊन वर जातं, पण ० ते ४ अंशांच्या मधे सगळं उलटं चालतं, तापेल तसं पाणी जड होत जातं (हेच ते पाण्याचं असंगत आचरण, त्याच पुस्तकात आहे, जरा पानं उलट). म्हणजे बर्नरने तळाचं पाणी ४ अंशावर नेलं तरी ते वर जायचं नावच घेत नाही, खालीच बसून राहतं, आणि वर बर्फ आपला स्वतःच्या शून्य अंशाच्या पाण्यात मजेत तरंगतोय. एकाच बीकरमधे दोन वेगवेगळी टेम्परेचर, आणि तुम्ही मोजलंत ते तळमजल्याचं.

परत करायचं असेल तर बर्फ बारीक फोडून घे, आच अगदी मंद ठेव, बल्ब तळाला टेकू देऊ नकोस, आणि सतत ढवळत राहा, सतत म्हणजे सतत, मधेच गप्पा मारायच्या नाहीत. अजून एक, फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्यावर नसतो, साधारण उणे १८ च्या आसपास असतो, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं रेषा खालून वर येणार आणि मग सपाट होणार. मी पत्र आल्यावर मुद्दाम करून बघितलं. काचेच्या कांडीने ढवळून हात दुखायला लागला, पण अकरा मिनिटं पारा शून्याच्या रेषेवर नुसता चिकटून होता. शेवटी नखाएवढा एक तुकडा उरला, तो फिरत फिरत विरला, आणि पुढच्या मिनिटाला पारा ५ वर. तो क्षण बघण्यासारखा असतो, फक्त त्यावेळी फोनकडे बघत नसलात तर.

प्रश्न : उष्णता द्यायची पण टेम्परेचर वाढत नाही, मग एनर्जी काय हवेत जाते का???? एनर्जी नष्ट होत नाही असं तुम्हीच लिहिता ना?

उत्तर : लिहिते, आणि अजूनही तेच म्हणतेय. घोळ असा आहे की आपण बोलताना उष्णता आणि टेम्परेचर एकच समजतो. "आज फार हीट आहे" म्हणतो आणि आकडा सांगतो टेम्परेचरचा. टेम्परेचर म्हणजे रेणू सरासरी किती जोरात हलतायत त्याचं माप. रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, ती पकड सोडवायला किती एनर्जी लागली, याचं थर्मामीटरला काही सोयरसुतक नसतं.

सायकलवरून चढ चढताय असं समजा. पायडल मारताय, घाम निघतोय, पण स्पीड तेवढाच आहे, तासाला आठ तर आठच. स्पीडोमीटरकडे नुसतं बघणारा म्हणेल की हा माणूस एवढी ताकद लावतोय आणि स्पीड तर वाढत नाहीये, मग ताकद गेली कुठे? ती गेली उंचीत. आणि उतारावर पायडल न मारता सगळी परत मिळते. वितळणारा बर्फ आणि उकळणारं पाणी हे दोन चढ आहेत. स्पीड म्हणजे टेम्परेचर, उंची म्हणजे रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात घातलेली एनर्जी.

आता चढ किती उंच आहेत ते बघा, कारण आकडे बघितल्याशिवाय हे खरं वाटत नाही. १ ग्रॅम बर्फ घ्या, उणे २० अंशाचा, आणि त्याला सेकंदाला १ कॅलरी (१ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला लागते तेवढी उष्णता) या ठरलेल्या वेगाने उष्णता देत राहा. शून्यापर्यंत यायला १० सेकंद लागतात (बर्फ तापायला पाण्याच्या निम्मीच उष्णता लागते). मग वितळायला ८० सेकंद, आणि या ८० सेकंदांत पारा ढिम्म. मग ० पासून १०० पर्यंत तापायला १०० सेकंद. आणि मग उकळून सगळ्याची वाफ व्हायला ५४० सेकंद, म्हणजे सरळ ९ मिनिटं, परत पारा ढिम्म. एकूण झाले ७३० सेकंद, त्यातले ६२० सेकंद थर्मामीटर जागचा हललाच नाही. बारा मिनिटांच्या गोष्टीत दहा मिनिटं हिरो गप्प उभा. पण खरं काम त्याच दहा मिनिटांत झालं ना!

(ज्यूलमधे हवं असेल त्यांच्यासाठी, वितळायला ग्रॅममागे ३३४ ज्यूल आणि वाफ व्हायला सुमारे २२६०. मी ८० आणि ५४० वालीच आहे, तोंडी हिशोबाला बरं पडतं.)

८० आणि ५४० मधे एवढी तफावत का, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. वितळताना रेणू फक्त सैल होतात, पाण्यात ते एकमेकांना अजून बऱ्यापैकी धरूनच असतात, फक्त जागा बदलू शकतात. वाफ होताना प्रत्येकाला पूर्ण सुटायचं असतं. १ मिलिलिटर पाण्याची १०० अंशाला जवळजवळ १.७ लिटर वाफ होते म्हणजे रेणू किती लांब लांब गेले बघा. शिवाय एवढी जागा करायची तर बाहेरच्या हवेला मागे ढकलावं लागतं, ५४० पैकी साधारण ४० कॅलरी नुसत्या त्या ढकलाढकलीत जातात.

पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात, जुन्या पुस्तकात सुप्त उष्णता. नाव छान आहे पण मला थोडं खटकतं. उष्णता कुठेतरी कोपऱ्यात लपून झोपलीये असं वाटतं त्याने. ती लपलेली नाहीये, खर्च झालीये, आणि कशावर खर्च झाली त्याची पावती आपल्यासमोर आहे, बर्फाचं पाणी झालं हीच ती पावती.

प्रश्न : शून्य अंशाचा बर्फ आणि शून्य अंशाचं पाणी, दोन्ही शून्यच, मग गार करायला दोन्ही सारखेच की नाही? ताई म्हणते सारखेच, मी म्हणतो बर्फ भारी. वाद मिटवा.

उत्तर : ताईला सांग सॉरी म्हण. ३०० ग्रॅम पाणी घ्या, ३० अंशाचं. त्यात शून्य अंशाचं १०० ग्रॅम पाणी ओतलं तर मिश्रण येतं २२.५ अंशावर. त्याऐवजी शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ टाकला तर सगळा वितळून झाल्यावर येतं २.५ अंशावर! कारण त्या बर्फाने नुसतं वितळण्यातच ८००० कॅलरी ओढून घेतल्या, आणि ३०० ग्रॅम पाण्याकडे शून्यापर्यंत उतरताना द्यायला होत्याच मुळात ९०००. (भांडं आणि आजूबाजूची हवा हिशोबात धरली नाहीये, प्रत्यक्षात अर्धा एक अंश इकडेतिकडे होईल.)

ताई अजून ऐकत नसेल तर तिला हे विचार : १०० ग्रॅम बर्फ शून्याचा आणि १०० ग्रॅम पाणी ८० अंशाचं, एकत्र केलं तर किती येईल? ती ४० म्हणेल. उत्तर आहे शून्य. बर्फ सगळा वितळला, गरम पाणी सगळं गार झालं, आणि हातात आलं २०० ग्रॅम शून्य अंशाचं पाणी.

प्रश्न : हे सगळं पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? आणि त्या काळात हे मोजलं तरी कसं?

उत्तर : जोसेफ ब्लॅक, ग्लासगो युनिव्हर्सिटीत शिकवायचा, १७६१ च्या सुमाराची गोष्ट. तोवर लोकांची समजूत अशी होती की बर्फ एकदा वितळायच्या टेम्परेचरला आला की अगदी थोडी उष्णता दिली तरी सगळा एकदम पाणी होतो. ब्लॅक म्हणाला, बाबांनो असं असतं तर ऊन पडल्या पडल्या डोंगरावरचा सगळा बर्फ एका झटक्यात वितळून खाली पूर नसता का आला? तो तर आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळत असतो. रोज सगळ्यांना दिसणारी गोष्ट, पण प्रश्न पडला एकालाच.

मग त्याने जे केलं ते मला फार आवडतं कारण त्यात भारी उपकरण असं काहीच नाही. काचेचे दोन सारखे फ्लास्क, दोन्हीत सारखंच पाणी. एकातलं पाणी गोठवून बर्फ केला, दुसऱ्यातलं गोठणबिंदूच्या जेमतेम वर, म्हणजे ३३ फॅरनहाइटला आणलं (फॅरनहाइटमधे बर्फ वितळतो ३२ ला). दोन्ही एका मोठ्या हॉलमधे टांगून ठेवले, हॉलचं टेम्परेचर ४७ फॅरनहाइट. आणि बसला वाट बघत. पाण्याचा फ्लास्क अर्ध्या तासात ४० ला आला, म्हणजे ७ अंश चढला. बर्फाच्या फ्लास्कला त्याच ४० पर्यंत यायला लागले साडेदहा तास!

साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. खोलीकडून दर अर्ध्या तासाला ७ अंशांएवढी उष्णता मिळत होती असं धरलं तर २१ गुणिले ७ म्हणजे १४७. त्यातले ८ अंश वितळलेलं पाणी ३२ वरून ४० ला न्यायला लागले. उरले १३९. म्हणजे नुसतं वितळण्यात एवढी उष्णता गेली की तेवढ्यात तितकंच पाणी १३९ फॅरनहाइट अंशांनी तापलं असतं. आजचा अचूक आकडा त्याच मापात १४४ आहे. दोन फ्लास्क, एक घड्याळ, एक थर्मामीटर, आणि चूक चार टक्क्यांच्या आत. माझ्या कॉलेजच्या दिवसातली प्रॅक्टिकलची वही मी आता कोणाला दाखवणार नाही.

वाफेचंही त्याने तसंच मोजलं, ५० फॅरनहाइटचं पाणी तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवलं, ४ मिनिटांत उकळी आली, आणि सगळं आटून जायला २० मिनिटं लागली. ४ मिनिटांत १६२ अंश तर २० मिनिटांत ८१०. इथे मात्र आकडा कमी आला, खरा ९७२ च्या जवळपास आहे.

गंमत म्हणजे ब्लॅकने हे नीट छापलंच नाही, वर्गात शिकवत राहिला. तो १७९९ मधे गेला आणि त्याची लेक्चर्स पुस्तकरूपात आली १८०३ मधे. मधल्या काळात, १७७२ मधे, स्वीडनमधे विल्के नावाच्या माणसाने गरम पाण्यात बर्फ मिसळून हीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधून काढली.

आणि त्याच ग्लासगोत उपकरणं दुरुस्त करणारा एक जेम्स वॅट होता. त्याला दिसलं की थोडीशीच वाफ पाण्यात सोडली तर ती स्वतःच्या वजनाच्या सहापट पाणी उकळीला आणते, आणि तो चक्रावला. ब्लॅकला विचारलं तेव्हा उत्तर मिळालं. वाफेच्या इंजिनासाठी वॅटने काढलेला वेगळा कंडेन्सर (वाफ गार करून तिचं परत पाणी करणारं भांडं) १७६५ चा, पेटंट १७६९ चं. ब्लॅकच्या थिअरीतून वॅटचं इंजिन निघालं असं सर्रास लिहितात, वॅटने स्वतः मात्र ते मान्य केलं नव्हतं. उकळतं पाणी आणि वाफ यांचा हिशोब समजायला मदत झाली, एवढं म्हणू.

प्रश्न : पाणी उकळायला लागल्यावर गॅस फुल ठेवला तर आतलं लवकर शिजतं का?

उत्तर : नाही. उघड्या भांड्यात पाणी १०० च्या वर जात नाही, मोठ्या आचेने फक्त वाफ जास्त होते, आणि गॅस जास्त जातो. लवकर हवं असेल तर कुकर लावा. त्यात वाफ कोंडून दाब वाढतो, दाब दुप्पट झाला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. उलट उंच ठिकाणी हवेचा दाब कमी म्हणून पाणी आधीच उकळतं, दर ३०० मीटरला ढोबळमानाने १ अंश कमी, एव्हरेस्टच्या टोकावर तर सत्तरीतच. लॅबमधे उकळत्या पाण्याचं रीडिंग ९७ आलं म्हणून लिहिणाऱ्या तिघांनी आधी आपली लॅब समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे ते बघा, मग थर्मामीटरला शिव्या द्या.

प्रश्न : उकळतं पाणीही १०० अंश आणि वाफही १०० अंश, मग वाफेने जास्त का भाजतं?

उत्तर : याचं उत्तर माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आहे, अजून पुसटसा डाग दिसतो. किटलीच्या चोचीतून पांढरा ढग येतो ना, त्याला आपण वाफ म्हणतो, पण ती वाफ नाहीच, ते पाण्याचे बारीक थेंब आहेत, गार झालेले. खरी वाफ दिसत नाही. नीट बघितलं तर चोच आणि पांढरा ढग यांच्या मधे बोटभर जागा मोकळी दिसते, काहीच नसल्यासारखी, तिथेच ती असते. मला कोणाला तरी हेच दाखवायचं होतं, "हे बघ, इथे काही दिसत नाही" असं म्हणत बोट नेमकं तिथे नेलं. बोट मागे घ्यायला अर्धा सेकंदही लागला नसेल.

हिशोब असा. १ ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडलं तर ते १०० वरून शरीराच्या ३७ पर्यंत गार होताना ६३ कॅलरी देतं. १ ग्रॅम वाफ कातडीला लागली की आधी तिचं पाणी होतं आणि त्यातच ५४० कॅलरी सुटतात, त्यावर ते ६३ वेगळे, म्हणजे ६०३. जवळपास दहापट. सायकलने चढावर जी एनर्जी साठवली होती ती उतारावर सगळीच्या सगळी तुमच्या बोटावर. अर्थात किती ग्रॅम लागलं त्यावरही आहे, उकळत्या पाण्याचं अख्खं पातेलं सांडलं तर ते काही कमी भयानक नाही. भाजलंच तर नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीसेक मिनिटं धरा, बर्फ लावू नका, कातडीला उलट त्रास होतो. आणि जखम मोठी असेल तर सरळ डॉक्टर.

प्रश्न : वाफ १०० ला होते म्हणता मग ओले कपडे नुसत्या वाऱ्याने कसे वाळतात? कपडे तर उलट गार लागतात हाताला.

उत्तर : उकळणं वेगळं आणि बाष्पीभवन वेगळं. उकळताना पाण्याच्या पोटात बुडबुडे होतात, त्याला ठराविक टेम्परेचर लागतं. बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावर, पण कुठल्याही टेम्परेचरला चालूच असतं. सगळे रेणू सारख्या वेगाने हलत नाहीत, काही फार जोरात असतात, ते पृष्ठभागावरून निसटतात. जोरातले निघून गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी खाली येते, म्हणजेच टेम्परेचर उतरतं. म्हणून कपडे गार. चढ इथेही चढावाच लागतो, फक्त बर्नरऐवजी उष्णता कापडातून, हवेतून, तुमच्या हातातून घेतली जाते. उलट ३० अंशाला हा चढ थोडा जास्तच उंच आहे, ग्रॅममागे ५४० नाही तर ५८० कॅलरी. टेम्परेचर वाढेल तसा तो कमी होत जातो आणि ३७४ अंशाला, प्रचंड दाबाखाली, चक्क शून्य होतो, तिथे पाणी आणि वाफ यात फरकच राहत नाही.

घामाचंही हेच. ७० किलोच्या माणसाच्या अंगावरून साधारण १०० ग्रॅम घाम वाळून गेला की शरीर सुमारे १ अंशाने गार होण्याइतकी उष्णता निघून जाते. वाळून गेला पाहिजे पण, नुसता टपकला तर त्याचा काही उपयोग नाही, म्हणूनच दमट हवेत घामाने निथळतो तरी जीव घाबरा होतो.

एक करून बघा : दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या बल्बला ओलं कापड गुंडाळा, दुसरा कोरडा, दोन्ही पंख्यासमोर ठेवा. पंख्याने गार वाटतं ना? कोरडा थर्मामीटर जागचा हलत नाही, ओला चांगला काही अंश खाली येतो. पंखा हवा गार करत नाही, तो फक्त तुमचा घाम वाळवतो.

प्रश्न : एसी दीड टनाचा म्हणजे काय? उचलून बघितला, एवढा जड तर नाहीये.

उत्तर : 😄 वजन नाही ते. आधी थंड ठेवायला बर्फाच्या लाद्या वापरायचे, त्यावरून आलेलं माप आहे. एक टन बर्फ (तोही अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो) २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढेल तेवढी ओढणारं मशीन म्हणजे एक टन. ९०७ किलोला किलोमागे ३३४ किलोज्यूल, भागिले ८६४०० सेकंद, येतं साडेतीन किलोवॅट. दीड टन म्हणजे सव्वापाच. म्हणजे तुमच्या भिंतीवरचं डबडं दिवसभर चालवलं तर दीड टन बर्फ वितळवण्याइतकं काम करतं.

प्रश्न : गोठताना पदार्थ उष्णता सोडतो असं वाचलं. म्हणजे गोठताना तो गरम होतो? हे खोटं वाटतं.

उत्तर : वाटणारच. नेहमीच्या गोठण्यात ते दिसत नाही कारण सुटलेली उष्णता फ्रीझर लगेच घेऊन जातो, टेम्परेचर फक्त शून्यावर अडून राहतं. पण शुद्ध पाणी अजिबात न हलवता हळूहळू गार केलं तर ते उणे १० ला सुद्धा पाणीच राहू शकतं. मग त्याला जरासा धक्का दिला की आत सुया सुया पसरतात आणि थर्मामीटर उणे १० वरून झटकन शून्यावर चढतो. गोठताना चढतो! सगळं मात्र गोठत नाही, फक्त आठवा भाग, कारण ग्रॅमला ८० कॅलरी सुटतात आणि १० अंश चढवायला १० च लागतात. फॅरनहाइटने हे १७२० च्या दशकातच बघून ठेवलं होतं.

हाताने अनुभवायचं असेल तर ते शेकायचे जेल पॅक मिळतात ना, आत एक छोटी धातूची चकती असते, ती टिचकवली की द्रवाचा पांढरा घट्ट गोळा होतो आणि पॅक गरम, ५० अंशांच्या वर सहज. आत सोडियम ॲसिटेट असतं, ते ५८ अंशाला वितळतं पण खोलीच्या टेम्परेचरलाही द्रवच राहून बसलेलं असतं. चकतीने सुरुवात करून दिली की गोठतं आणि उष्णता सोडतं. परत वापरायला पॅक उकळत्या पाण्यात टाकून पूर्ण वितळवायचा, एक जरी खडा राहिला तरी गार होता होता आपोआप गोठतो आणि तुम्ही मला परत पत्र लिहिता.

प्रश्न : काच कितीला वितळते?

उत्तर : एक आकडा नाहीच. काचेत रेणूंची शिस्तीतली रचना नसते त्यामुळे सगळे बंध एकदम सुटत नाहीत, ती तापेल तशी मऊ होत जाते, सपाट रेषा येतच नाही. मेणात वेगवेगळे घटक मिसळलेले असतात, तिथेही रेषा तिरकीच.

प्रश्न : पुस्तकात बर्फाच्या लादीवर वजनं बांधलेली तार ठेवायचा प्रयोग आहे, तार आरपार जाते आणि लादी अखंडच राहते. घरी केला तर होईल का?

उत्तर : होईल, पण धीर हवा. दाबाने बर्फाचा द्रवणांक (वितळायचं टेम्परेचर) खाली येतो म्हणून तारेखालचा बर्फ वितळतो, तार खाली सरकते, आणि वरचं पाणी दाब गेल्यामुळे परत गोठतं, याला पुनर्हिमायन म्हणतात. पुस्तकात एक गोष्ट सांगायची राहून जाते. खालचा बर्फ वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी लागणार, त्या आणायच्या कुठून? वरचं पाणी गोठताना तेवढ्याच सोडतं, आणि त्या तारेतूनच खाली जातात. म्हणजे तार नुसती कापत नाहीये, वरची उष्णता खाली पोचवतेय. म्हणून तांब्याची बारीक तार घ्या. मी एकदा घरात तार सापडली नाही म्हणून त्याच जाडीची नायलॉनची दोरी घेतली आणि तीच वजनं लावली, तासाभराने ती जेमतेम रुतली होती आणि लादी कडेनेच वितळून अर्धी झाली होती. दोन्ही बाजूंना सारखं वजन लावा, खोली फार गरम नको, आणि लादीखाली खोल ट्रे ठेवा, मी ठेवला नव्हता.